‘आई’ लिहिता येईल असा कीबोर्ड शाळेत हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडण्याच्या आधीच्या पंधरवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी गर्दी होते, तशीच आता तपकीर गल्लीच्या आसपासच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतही मुलांना घेऊन आलेले पालक दिसू लागले आहेत. कोणाला टॅब हवा असतो, कोणाला त्याला जोडायला कीबोर्ड. त्यातही आठवी-नववीच्या मुलांना मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्डच हवा असतो. दुकानदार काचेच्या कपाटातून रंगीत दिव्यांचा एखादा खोका काढतात, मूल खूश होते, आईवडील पैसे देतात आणि सगळे घरी जातात. तो कीबोर्ड वर्गात, चाळीस-पन्नास मुलांच्या मधोमध, मराठी लिहिण्यासाठी चालेल का, हा प्रश्न त्या खरेदीत कोणीच विचारत नाही. मीही गेल्या वर्षी विचारला नव्हता आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी गेली सव्वीस वर्षे नारायण पेठेत मराठी पुस्तकांचे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करण्याचे काम करते. त्याआधी टायपिंगच्या क्लासमध्ये मराठीची ३० आणि ४० शब्दांची परीक्षा दिली, ती लोखंडी टाइपरायटरवर. आमच्या ऑफिसात टीव्हीएस गोल्डचे कीबोर्ड वर्षानुवर्षे आहेत. बिलिंगच्या काउंटरवर आणि डीटीपीच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही या कीबोर्डची ओळख करून द्यायला नको. तोही मेकॅनिकलच आणि त्याचे बटण दाबले की टक् असा स्पष्ट आवाज येतो. आमच्या बोटांना तो आवाज इतका सवयीचा झाला आहे की, तो नसेल तर अक्षर उमटले की नाही याची शंका येते. मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे आवाज आणि आवाज म्हणजे चांगला कीबोर्ड, ही माझी समजूत तिथूनच पक्की झाली होती.

माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत आहे. तो चांगला वाचतो, समजावून सांगितलेले लक्षात ठेवतो, तोंडी परीक्षेत नीट उत्तरे देतो. पण पेन हातात धरून ओळीवर अक्षर काढणे त्याला जमत नाही. याला लेखन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात नोंदवलेल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. आमच्या शाळेने समजूतदारपणा दाखवून त्याला वर्गात विंडोजवर चालणारा लहान टॅब आणि कीबोर्ड आणायला परवानगी दिली. इंटरनेट बंद ठेवायचे आणि टॅब फक्त लिहिण्यासाठी वापरायचा, एवढीच अट होती. तिच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

रबराच्या पडद्याचे साधे कीबोर्ड आधी वापरून पाहिले होते. त्यांत बटण अगदी तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. ज्या मुलाला बोटांच्या जोराचा अंदाज येत नाही, त्याच्या हातून कधी अक्षर सुटते, तर कधी बटण दाबून राहिल्यामुळे तेच अक्षर चार वेळा उमटते. मेकॅनिकल स्विचमध्ये बटणाचा एकूण प्रवास साधारण ४ मिलिमीटरचा असतो आणि अक्षर निम्म्या वाटेवरच, साधारण २ मिलिमीटरवर, लागते. त्यामुळे बोट तळाला टेकवावेच लागत नाही. माझ्या मुलासाठी मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा असे मला वाटले ते या कारणाने आणि ते कारण आजही मला योग्यच वाटते. ज्या मुलाला अशी अडचण नाही, त्याला रबराचा हलका, स्वस्त आणि शांत कीबोर्ड पुरतो. केवळ मित्राकडे आहे म्हणून मेकॅनिकल घेण्याचे कारण नाही, हेही इथेच नमूद करते.

दुकानात मी मराठी टायपिंगचा विषय काढलाच नाही. मुलासाठी हवा आहे म्हटल्यावर दुकानदाराने “हल्ली मुलं हाच नेतात” असे सांगून निळ्या स्विचचा एक कीबोर्ड समोर ठेवला. मी दोन-चार बटणे दाबून पाहिली, ऑफिसातल्यासारखा आवाज आला आणि मला तो आपल्या माणसासारखा वाटला. त्या गल्लीत बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत पंखा आणि शेजारी चाललेली घासाघीस. एवढ्या गोंगाटात कोणताही कीबोर्ड शांतच वाटतो, हे मला त्या क्षणी सुचले नाही.

पहिल्या दिवशी इतिहासाच्या तासाला त्याने लिहायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत सगळा वर्ग मागे वळला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला शेवटच्या बाकावर खिडकीपाशी बसवले. पण आवाज तिथूनही ऐकू येतच होता. शाळेचे बाक म्हणजे लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर बसवलेली प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली दप्तर ठेवायचा पोकळ कप्पा. त्या फळीवर बटणाचा प्रत्येक ठोका तबल्यासारखा घुमतो. आठवड्याने वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली की, इतर पालकांची तक्रार आहे, काही सोय करता येईल का पाहा. चिठ्ठी सभ्य भाषेत होती आणि तिच्यातला मजकूर रास्त होता.

मला खरी गोष्ट कळली ती त्याच्या वह्या, म्हणजे टॅबमधल्या फाइली पाहिल्यावर. सोमवारच्या तासाची दीड पाने होती, गुरुवारच्या तासाची सहा ओळी. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “हळू दाबलं की आवाज कमी येतो ना, म्हणून.” आवाज होऊ नये म्हणून माझा मुलगा एकेक बटण बोटाने हळूच खाली नेत होता आणि तेवढ्या वेळात बाई पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असत. जे साधन त्याला वर्गाबरोबर राहता यावे म्हणून दिले, त्यानेच त्याला वर्गाच्या मागे पाडले होते. निळा स्विच हळू दाबला तरी टक् होतोच, कारण तो आवाज बोटाच्या जोरातून येत नाही. तो आवाज काढण्यासाठी त्या स्विचच्या आत एक छोटा सुटा भाग मुद्दाम बसवलेला असतो आणि अक्षर लागण्याच्या क्षणी तो खटकन सरकतो. म्हणजे त्या मुलाचे सगळे कष्ट वायाच जात होते आणि हे माहीत असायला हवे होते ते मला.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. ज्या पालकांना यातले काहीच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. स्विचचे रंग शोभेसाठी नसतात. त्यांवरून त्यांचा स्वभाव कळतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचपासून ही रंगांची पद्धत रूढ झाली आणि आता चिनी कंपन्याही बहुतेक तीच पाळतात. निळा म्हणजे आवाज करणारा आणि दाबायला थोडा जड, साधारण ६० ग्रॅमचा. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, हलका, ४५ ग्रॅमच्या आसपासचा. त्याला स्वतःचा टक् आवाज नसतो, पण बटण तळाला आपटले तर त्या आपटण्याचा आवाज होतो. तपकिरी या दोघांच्या मधला. त्यात वाटेत एक बारीकसा उंचवटा बोटाला जाणवतो, पण तो टक् करत नाही. याशिवाय सायलेंट म्हणून वेगळे स्विच मिळतात. त्यांच्या आतल्या दांड्याला रबराचे बारीक तुकडे बसवलेले असतात आणि ते बटण खाली जाताना व वर येताना होणारे दोन्ही आवाज गिळतात. वर्गात चालतील असे स्विच म्हणजे हे सायलेंट किंवा फार तर तपकिरी. निळ्याला शाळेच्या दारातून आत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि हे मत निळ्या स्वभावाच्या बटणांवर पोट भरणारी बाई देते आहे.

माझ्या मुलाला तपकिरी मानवला, कारण त्या बारीक उंचवट्याने त्याच्या बोटाला अक्षर लागल्याची खूण मिळते आणि तो तिथे थांबायला शिकला. दुसऱ्या मुलाला सायलेंट लाल बरा वाटेल. बोट ज्याचे त्याचे असते, त्यामुळे ते मुलाने स्वतः दाबूनच ठरवायला हवे.

आवाजाचे कोडे सुटले तेव्हा मला वाटले, आता झाले. म्हणून दुसऱ्या खेपेला आकाराकडे पाहिले आणि तिथे दुसरी चूक केली. दप्तराच्या वजनाचा विचार करून सगळ्यात लहान कीबोर्ड निवडला. विचार तसा चुकीचा नव्हता. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आठवीच्या मुलाचे दप्तर अडीच ते चार किलोंचे असावे असे म्हटले आहे. त्यात टॅब, डबा, पाण्याची बाटली आणि पुस्तके धरली की कीबोर्डसाठी फारसे काही उरत नाही. आमच्या ऑफिसातला १०४ बटणांचा कीबोर्ड एक किलोहून जास्त भरतो आणि सध्या फॅशन असलेले धातूच्या सांगाड्याचे लहान कीबोर्डही दीड किलोपर्यंत जातात. म्हणून मी प्लास्टिकच्या सांगाड्याचा, ६४ बटणांचा, हाताच्या वीतभर पसरलेल्या पंज्यापेक्षा थोडाच लांब असा कीबोर्ड मुलाला आणून दिला.

दुसऱ्याच दिवशी त्याने घरी निबंध लिहायला घेतला. विषय ‘माझी आई’ असा नव्हता, पण त्यात तो शब्द होता आणि पडद्यावर ‘आई’च्या जागी नुसता एक काना आणि दीर्घ वेलांटी, आधाराला ठिपक्यांची वर्तुळे, असे काहीतरी उमटले. पुढच्या वेळी तर कर्सर थेट वरच्या ओळीत उडी मारून गेला आणि पुढचा शब्द तिथल्या वाक्याच्या मध्ये जाऊन बसला. तो म्हणाला, मीच चुकतोय. मी त्याचे हात पाहिले आणि मला कळले की चूक त्याची नाही.

मराठीसाठी आम्ही इन्स्क्रिप्ट वापरतो, म्हणजे कोणत्या बटणावर कोणते मराठी अक्षर हे ठरवणारी एक मांडणी. ही मांडणी सरकारी मानकात १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये मराठी निवडली की ती वेगळे काही न घालता मिळते आणि जवळजवळ सगळ्या भारतीय लिप्यांसाठी ती एकसारखी असल्यामुळे मुलाने एकदा शिकली की हिंदी आणि संस्कृतसाठीही तीच चालते. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बव्हंशी उजव्या हाताला असतात. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागणाऱ्या ज्या दोन बारीक रेघा असतात, त्यांतल्या डाव्या रेघेखाली ऱ्हस्व वेलांटी आहे आणि उजव्या रेघेखाली र. डाव्या मधल्या बोटाखाली, म्हणजे डीवर, पायमोड्याची खूण आहे. तिथून सगळी जोडाक्षरे तयार होतात. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द लिहायला ११ वेळा बटण दाबावे लागते, त्यांतल्या ३ वेळा एकटी ही पायमोड्याची कळ. ज्या बटणावर एवढा भार येतो, ते बटण हलके आणि खात्रीचे असणे किती गरजेचे आहे, हे इंग्रजी लिहिणाऱ्याला सहसा जाणवणार नाही.

आता शिफ्टकडे या. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण, शिवाय ण, श, ष, ळ आणि अ, आ, इ, ई हे सुटे स्वर, यांपैकी एकही अक्षर शिफ्टशिवाय उमटत नाही. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला किंवा नावापुरती लागते. मराठीत ती शब्दाशब्दाला लागते. टायपिंगचा जुना नियम असा की, अक्षर डाव्या हाताचे असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीने दाबायची. अ, आ, इ, ई हे सुटे स्वर डाव्या हाताखाली आहेत. म्हणजे ‘आई’ या शब्दाची दोन्ही अक्षरे उजव्या शिफ्टवर उभी आहेत.

आणि ६४ बटणांच्या त्या कीबोर्डात बाणांची बटणे कोंबण्यासाठी उजव्या शिफ्टचाच बळी दिला होता. जिथे पावणेतीन बटणांएवढी लांब पट्टी असायला हवी, तिथे साध्या अक्षराएवढे एक बटण होते आणि त्याला चिकटून वर जाणारा बाण. माझ्या मुलाची करंगळी शिफ्टच्या नेहमीच्या जागी जात होती आणि तिला बाण लागत होता, म्हणून कर्सर वरच्या ओळीत पळत होता. जेव्हा करंगळी शिफ्टच्या कडेला निसटती लागत होती, तेव्हा शिफ्ट न लागताच काना आणि वेलांटी उमटत होती. अक्षरे काढता येत नाहीत म्हणून ज्याने वर्षानुवर्षे बोलणी खाल्ली, त्या मुलाला बटणावरही आपलीच बोटे चुकतात असे वाटू लागले होते. हा कीबोर्ड ज्यांनी बनवला, त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी लिहिणारा किंवा खेळ खेळणारा मुलगा होता; मराठी लिहिणारा नव्हता.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, लहान कीबोर्ड घेताना आधी उजवी शिफ्ट पाहा. मग उजवीकडची विरामचिन्हांची बटणे मोजा, कारण इंग्रजीसाठी ती किरकोळ असली तरी मराठीत तिथे अक्षरे राहतात. अर्धविरामाच्या बटणावर च आहे, शेजारच्या अवतरणचिन्हावर ट, चौकटी कंसावर ड आणि तिरप्या रेघेवर य. बॅकस्पेसच्या खाली आणि एंटरच्या वर जे उलट्या तिरप्या रेघेचे बटण असते, त्यावर ‘डॉक्टर’ आणि ‘कॉलेज’मधला अर्धचंद्राचा काना आहे. बरोबरच्या चिन्हावर ‘कृषी’तला ऋकार आणि त्याच्या अलीकडच्या बटणावर शिफ्टसह ‘दुःख’मधला विसर्ग. अगदी चिमुकल्या, चाळीस-पंचेचाळीस बटणांच्या कीबोर्डांत यांतली काही बटणे गाळलेली किंवा दुसऱ्या बटणाच्या आडोशाला लपवलेली असतात. ती दाबायला फंक्शनचे बटण धरावे लागते, म्हणजे शिफ्ट, फंक्शन आणि अक्षर अशी तीन बोटांची कसरत. आठवीतल्या मुलाला वर्गात ती करायला लावू नये.

शेवटी आम्ही ८४ बटणांचा घेतला. त्यात आकड्यांचा उजवीकडचा वेगळा भाग नसतो, त्यामुळे लांबी बरीच वाचते. बाणांची बटणे मात्र वेगळी असतात, म्हणजे चुकलेले अक्षर दुरुस्त करायला मुलाला फंक्शन शोधावे लागत नाही. उजवी शिफ्ट पूर्ण लांबीची नाही, पण करंगळीला चुकणार नाही एवढी आहे. कमी उंचीच्या स्विचचा असल्यामुळे त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे आणि तो दोन वह्यांमध्ये सरकतो. अशा स्विचमध्ये बटणाचा प्रवास ४ ऐवजी ३ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि मनगट फार उचलावे लागत नाही. शाळेचा बाक मुळात मुलाच्या छातीपर्यंत येतो, तेव्हा ही गोष्ट बारीक नाही. एक नाराजी आहे. उंचीने कमी असलेल्या स्विचची बटणांवरची टोपणे वेगळ्या मापाची असतात आणि बदलून मिळणे अवघड जाते. टोपणांवर मराठी अक्षरे छापलेला एकही कीबोर्ड मला या गल्लीत मिळाला नाही. स्टिकर मिळतात, त्यांचा गोंद घामाने सुटतो आणि दोन महिन्यांत कडा वर येतात. मुलाला न पाहता टाइप करायला शिकवणे हाच खरा उपाय आहे आणि रोज वीस मिनिटे दिली तर उन्हाळ्याच्या सुटीत ते होऊन जाते.

ब्लूटूथबद्दल दोन वाक्ये लिहिते, कारण दुकानात सगळा भर त्यावर असतो. वीज वाचवण्यासाठी असे कीबोर्ड काही मिनिटे बटण दाबले नाही की झोपतात आणि जागे होऊन पुन्हा जोडले जाण्यात पहिले एक-दोन ठोके गिळतात. बाई दहा मिनिटे समजावून सांगत असतात, मूल ऐकत असते आणि मग लिहायला घेतलेल्या पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर गायब होते. आम्ही अर्ध्या मीटरची वायर लावली. चार्जिंगची काळजी मिटली, कोणाच्या पायात वायर येत नाही आणि परीक्षेच्या दृष्टीनेही ते सोपे जाते. सीबीएसईने विशेष गरजा असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत कॉम्प्युटरवर उत्तरे लिहायची मुभा २०१८ मध्ये दिली, तेव्हा कॉम्प्युटर पूर्ण कोरा करून आणायचा आणि त्याला इंटरनेट नसावे असे बजावले होते. जिथे यंत्र असे तपासून घेतले जाते, तिथे वायरने जोडलेल्या कीबोर्डबद्दल कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. रंगीत दिवे मात्र कायमचे बंद करून ठेवावेत. शेजारच्या मुलाचे लक्ष आवाजापेक्षा त्यांनी जास्त विचलित होते.

कीबोर्डखाली काय ठेवावे, हेही मी शिकले. पातळ रबरी मॅट किंवा ती नसेल तर चौघडी केलेला जाड पंचा बाकावर अंथरला की फळीचे घुमणे निम्म्याहून जास्त कमी होते. स्पेसबारसारख्या लांब बटणाच्या दोन टोकांना आधाराच्या तारा असतात, त्या खडखडत असतील तर सगळे स्विच शांत असूनही वर्गात तो एकच आवाज ऐकू येतो. म्हणून दुकानात स्पेसबार मधोमध आणि दोन्ही कडांना दाबून पाहावा. ज्याचे स्विच उपटून बदलता येतात असा कीबोर्ड मिळाला तर तोच घ्यावा. आमच्याकडे डब्यातल्या भाजीचे तेल पायमोड्याच्या बटणात गेले होते. तो एकच स्विच चिमट्याने काढून नवा बसवला आणि कीबोर्ड पुन्हा चालू लागला. रबराचा असता तर अख्खा टाकावा लागला असता.

आता शाळांना आणि विक्रेत्यांना एक विनंती. दुकानाच्या गोंगाटात कीबोर्डची परीक्षा होत नाही आणि घरच्या टेबलावरही ती पुरी होत नाही. ती मुलाच्या स्वतःच्या बाकावर, त्याच्या स्वतःच्या वर्गातच होते. ज्या शाळा अशा मुलांना साधन आणायची परवानगी देतात, त्यांनी जूनमध्ये एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर पालकाला मुलासह पंधरा मिनिटे वर्गात बसू द्यावे. वर्गशिक्षिकेने फळ्यापाशी उभे राहावे, मुलाने त्याच्या जागेवरून चार ओळी टाइप कराव्यात आणि आवाज चालेल की नाही हे त्यांनी तिथेच सांगावे. विक्रेत्यांनी त्या एका दिवसापुरता कीबोर्ड अनामत घेऊन द्यावा आणि खोका फोडला म्हणून परत घ्यायला नकार देऊ नये. पहिला कीबोर्ड परत करायला मी गेले तेव्हा मला हाच नकार मिळाला होता आणि तो कीबोर्ड आजही माझ्या कपाटात पडून आहे. शाळांनी आणि विक्रेत्यांनी एवढे केले तर चिठ्ठ्या पाठवायची, मूल शेवटच्या बाकावर बसवायची आणि त्याने घाबरून लिहिणे थांबवायची वेळ येणार नाही.

तपासून पाहण्यासाठी कोणत्या चार ओळी टाइप कराव्यात, असे कोणी विचारले तर माझी सूचना आहे की, ज्यांत ‘स्वातंत्र्य’, ‘डॉक्टर’, ‘कृषी’ आणि ‘दुःख’ हे शब्द येतील अशा तीन ओळी घ्याव्यात. चौथ्या ओळीत मुलाला ‘आई’ हा शब्द न थांबता दहा वेळा लिहायला सांगावे आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्याच्या उजव्या करंगळीकडे पाहावे.

आपली नम्र,
डीटीपीचे काम करणारी एक आई
नारायण पेठ, पुणे